गालाचा नंबर

३ मार्च, सोमवार

ठके,

आज अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन वाजता त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. अकरावा नंबर होता, चार वाजता आत बोलावलं. येताना जेलची एक ट्यूब, उन्हात जाताना लावायची एक ट्यूब आणि बिनवासाचा साबण घेतला. घरी येऊन चहा केला, तो गार होईपर्यंत थांबलो, प्यायलो. आता हे लिहितोय.

सहा वर्षांनी पत्र आलेलं बघून तू घाबरशील म्हणून आधीच सांगतो, तसं काही झालेलं नाही. फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मला बोलायला सुचणार नाही. म्हणून तुझ्या औषधांच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितोय. आई गेली तेव्हा तू आलीस, त्या वेळीही आपण दोन वाक्यं बोललो असू. त्याला आता तीन महिने होतील.

झालंय असं की माझा चेहरा लाल राहायला लागलाय. दोन्ही गाल, नाक, हनुवटी. सुरुवातीला लालपणा यायचा आणि जायचा, आता मुक्कामालाच आलाय. गालावर धाग्यासारख्या बारीक शिरा दिसतात. मी अजून त्याच दोऱ्याच्या कारखान्यात, त्याच रंगखात्यात आहे. गिऱ्हाइकाच्या कापडाला दोऱ्याचा रंग जुळतो का ते बघायचं, शेड कार्डावरचा नंबर लिहायचा. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे रंग बघतोय, पण स्वतःचा रंग बदलल्याचं मला मॅनेजरने सांगितलं. तेही कसं, ऐक.

मला आत बोलावलं आणि म्हणाला, "रंगमास्तर, दार लावून घ्या."

लावलं.

"आई गेली. घरी तुम्ही एकटे. दुःख आहे, सगळं मान्य. पण दिवसाढवळ्या नको हो."

मला आधी कळेचना की काय नको. कळलं तेव्हा इतका लाल झालो, की त्याची खात्रीच पटली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्यासारख्या तोडून बोलतात. भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "दारू?"

"नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"अहो, मी खरंच घेत नाही."

"माहितीये. गंमत केली. हा दारूचा चेहरा नाही, रोझेशिया आहे. बरा होत नाही, पण ताब्यात राहतो. घरात कोणाला होता?"

"आईला."

"त्यांनी काय लावलं होतं?"

मी म्हटलं, आठवत नाही.

त्यांनी एक वही ठेवायला सांगितली आहे. चेहरा कधी भडकतो, त्याआधी काय खाल्लं, किती ऊन लागलं, मन कसं होतं. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं म्हणे. मला हे आवडलं. वही ठेवणं मला जमतं.

तुला विचारायचं होतं ते एवढंच, की जेल आधी लावायचं की उन्हाची ट्यूब आधी? दुकानातल्या माणसाने घाईत सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही.

तुझा,
दादा

१६ मार्च, रविवार

ठके,

सकाळी पायऱ्या झाडल्या, पाणी भरलं, कपडे धुतले. दुपारी ऊन पुढच्या खिडकीवरून सरकल्यावर लिहायला बसलो.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. चार ओळी असल्या तरी मिळालं. "आधी जेल, ते सुकलं की उन्हाची ट्यूब. तोंड कोमट पाण्याने धू. टॉवेलने भांडी पुसल्यासारखं खसाखसा पुसू नकोस, टिप. कोणी सांगितलेली कुठलीही क्रीम लावू नकोस." खाली नाव नाही, पण भांड्यांवरून ओळखलं.

वही सुरू केली आहे. डॉक्टरीणबाईंनी "कमी, मध्यम, जास्त" असं लिहायला सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. मध्यम म्हणजे काय? मी कारखान्यातून रद्द झालेलं एक शेड कार्ड घरी आणलं. लाल रंगाची ओळ ३०१ पासून ३२४ पर्यंत आहे, नंबर चढत जातो तसा रंग गडद. रोज सकाळी सातला उत्तरेच्या खिडकीपाशी आरसा टांगतो, कार्ड गालाला लावतो, जुळेल तो नंबर लिहितो. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, त्यामुळे उजेड फारसा बदलत नाही. रंग बघायला तीच जागा चांगली.

सकाळचा माझा नंबर ३१२. कढत चहा प्यायल्यावर दहा मिनिटांत ३१५. मला वाटलं, संपलं, चहा गेला. पण मग तोच चहा, तेवढाच, गार करून प्यायलो. ३१२. म्हणजे चहाचा काही दोष नाही, दोष कढतपणाचा आहे. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला, की त्या आनंदाने ३१४ झाला. हसल्यावरही चढतो. तिखटाने चढतो, पण फोडणीच्या वाफेने त्याहून जास्त. मॅनेजरने हाक मारली की चढतो. त्याला आता खरं काय ते सांगितलंय. तो म्हणाला, "अहो मास्तर, मग आधी नाही का बोलायचं!" आणि त्यानंतर दर दोन दिवसांनी वाकून माझ्या गालांकडे बघतो. "आज किती?" आता पॅकिंगमधल्या बायकाही विचारतात. मीही सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा लोकांशी बोलायला मला काहीतरी विषय मिळालाय.

एक नोंद मात्र लागत नाही. ९ तारखेला, रविवारी दुपारी, ३१७. त्या दिवशी गरम काही प्यायलो नव्हतो, तिखट नव्हतं, उन्हात गेलो नव्हतो. तुला दुसरं पत्र लिहायला बसलो होतो, ते फाडून टाकलं. कारणाच्या रकान्यात "माहीत नाही" असं लिहिलंय.

आईबद्दल तू काही विचारलं नाहीस. तरी सांगतो. शेवटची दोन-तीन वर्षं ती खिडकीकडे पाठ करून बसायची. दार वाजलं तर अर्धंच उघडायची आणि बोलताना फळीआड राहायची. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या आईंना आमचा राग आलाय का हो?" मी म्हटलं, नाही, त्यांना गर्दी सोसत नाही.

तुझी ती ट्यूब अजून फ्रीजच्या दारात आहे. मुदत कधीच संपली. मी दोनदा टाकायला काढली होती, तर आई म्हणाली, "असू दे रे. काय खायला मागते ती?"

आणि त्या शेवटच्या दिवशी तिला निजवलं होतं तेव्हा तू तिच्या गालाला बोट लावलंस, आठवतं? चेहरा पांढरा होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तू रडत होतीस आणि मी मनात नंबर शोधत होतो. लाल ओळीत तो नव्हताच. मला माझीच किळस आली, पण शोधत होतो हे खरं.

तुझा,
दादा

३० मार्च, रविवार

ठके,

काल डॉक्टरीणबाईंकडे दुसरी खेप झाली. वही बघून हसल्या. म्हणाल्या, असा पेशंट मला आजवर मिळाला नाही. सकाळचा नंबर ३१० वर आलाय. हळूहळू उतरतोय म्हणाल्या, अजून महिना तरी जाऊ दे.

काल आईचं कपाट आवरताना जुनी वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची. तीत सहा वर्षांपूर्वीचे आईचे नंबर आहेत. मला वाटतं, त्या वहीबद्दल तुला सांगायला हवं.

तुला सगळं आठवतच असेल, तरी माझ्या बाजूने लिहितो. आई शेजारणीने सांगितलेली ती क्रीम सात-आठ वर्षं लावत होती. तू बघितलीस आणि म्हणालीस, यात स्टेरॉइड आहे, याने कातडी पातळ होते, हेच दुखणं वाढवतंय. तूच तिला डॉक्टरांकडे नेलंस. नवीन जेलची ट्यूब दिलीस आणि कागदाच्या पिशवीवर लिहिलंस, "जुनी क्रीम बंद. पहिले चार आठवडे चेहरा भडकेल. घाबरायचं नाही. आठ आठवडे थांबायचं." ती पिशवी मी फ्रीजवर चिकटवली होती. मी आठ आठवडे थांबलो, हे तुला मान्य करावं लागेल. दर रविवारी सकाळी आईला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून कार्ड लावायचो आणि नंबर लिहायचो.

सुरुवातीला ३११. चौथ्या आठवड्याला ३१६. तू सांगितलं होतंस तसंच. आठव्या आठवड्याला उतरायला हवा होता, पण आला ३१५. मी आईला म्हटलं, झालं तेवढं पुरे, हे औषध तुला लागू नाही. आणि तिने जुनी क्रीम पुन्हा लावली. मग तुला फोन केला.

तू विचारलंस, "दादा, कुठल्या उजेडात बघितलंस?"

मी म्हटलं, "तू मला उजेड शिकवतेस? गोळ्या मोजायचं काम तुझं. रंग मी बघतो."

तू म्हणालीस, "आईच्या चेहऱ्याचं तू दोऱ्याचं रीळ केलंयस." आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस ते आई जाईपर्यंत.

तर काल वही बघताना माझ्या लक्षात आलं. पाचव्या आठवड्यात स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट गेली होती आणि मी तिथे पिवळा बल्ब लावला होता. पहिले नंबर पांढऱ्या उजेडातले आणि नंतरचे पिवळ्या. पिवळ्या उजेडात दोऱ्याचा रंग एका तऱ्हेने बदलतो आणि कातडीचा दुसऱ्याच. कारखान्यात आमच्याकडे याच्यासाठी वेगळी पेटी असते, तीन प्रकारचे दिवे लावून प्रत्येक नमुना बघतात. नवीन पोराकडून अशी चूक झाली तर मी त्याला चार दिवस सळो की पळो करून सोडतो. आणि घरात माझ्याच हातून झाली. म्हणजे ३१५ हा आकडा खरा नव्हता. तुझं औषध कदाचित लागू पडत होतं.

हे मला कालच समजलं. चूक माझी होती. राग सोड असं मी म्हणत नाही, पण चूक नजरचुकीने झाली, मुद्दाम कोणी केलेली नाही.

आत्ता मधेच उठून आरशात पाहिलं. ३१८. चहा गारच होता. कारण माहीत नाही.

तुझा,
दादा

१३ एप्रिल, रविवार

ठके,

सकाळी उशिरा उठलो. केस कापून आलो. न्हावी म्हणाला, "मास्तर, उन्हातून आलात का?" मी म्हटलं, हो. जेवलो. भांडी घासली. तुझं कार्ड गुरुवारपासून टेबलावर आहे, ते परत वाचलं.

एकच ओळ लिहिली आहेस. "दादा, तुला माझ्या मुलाचा वाढदिवस लक्षात राहत नाही, मग सहा वर्षांपूर्वी बल्ब कितव्या आठवड्यात बदलला हे कसं लक्षात राहिलं?"

लहानपणीही तू अशीच होतीस. बरणीतली साखर कमी झाली तर आई मुंग्यांवर शंका घ्यायची आणि तू आधी माझे हात हुंगायचीस.

मागचं पत्र टाकल्यावर दोन रात्री मला झोप लागली नाही. वहीत सगळी पानं चाळली. कढत पाणी, ऊन, वाफ, मॅनेजर, सगळ्यांचे नंबर लागतात. न लागणाऱ्या नोंदी दोनच, आणि दोन्ही वेळेला मी तुला पत्र लिहीत होतो. पहिल्या वेळी खरं लिहायला घेतलं होतं आणि फाडलं. दुसऱ्या वेळी खोटं लिहिलं आणि पाठवलं. आरसा समोर टांगलेला होता, तरी मी "माहीत नाही" असं लिहीत राहिलो.

बल्बचं मला आठवलेलं नाही. ते निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. तारीख आहे आपल्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवसाची.

तू फोन ठेवल्यावर मी रात्रभर तणतणत होतो. सकाळी आई स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली. मी तिच्याकडे बघितलं, मग वर बल्बकडे बघितलं. मला तिथेच कळलं. तेव्हा पंचवीस वर्षं हेच करत आलेल्या माणसाला कळायला किती वेळ लागतो? मी आईला म्हटलं, जरा इकडे ये. तिला उत्तरेच्या खिडकीपाशी उभं केलं आणि कार्ड लावलं.

३०८.

सुरुवातीपेक्षा तीन नंबर खाली. तुझं औषध लागू पडलं होतं, ठके. पहिले महिनाभर भडकेल आणि मग उतरेल असं तू लिहिलं होतंस, तसंच झालं होतं. मी वहीत लिहिलं, "बल्ब, पाचवा आठवडा. खिडकीपाशी ३०८." आई म्हणाली, "काय रे, किती?" मी म्हटलं, काही नाही, पुसट दिसतंय.

जुनी क्रीम तिने आदल्या दिवशी एकदाच लावली होती. एक शब्द बोललो असतो तर थांबवता आली असती. मी मनाशी म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. ठकीने फोन केला की सांगू. तू फोन केला नाहीस. तुझ्यापुढे मी म्हणून बसलो होतो ना, रंग मी बघतो. मग पंधरा दिवसांत जुन्या क्रीमने तिचा चेहरा फिका पडला, आणि मला वाटलं, चला, बरंच झालं. त्या क्रीमने आधी तसंच होतं, हे डॉक्टरीणबाईंनी मला आता सांगितलं. तूही तेव्हा सांगितलं होतंस. वर्षाच्या आत तिचा चेहरा पूर्वीपेक्षा वाईट झाला. तोवर इतका उशीर झाला होता, की सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

गेल्या पावसाळ्यात तिने मला विचारलं होतं. भाजी निवडत बसली होती, पाठ खिडकीकडे. म्हणाली, "ठकीचं औषध खरंच वाईट होतं का रे?"

मी म्हटलं, "आता काय त्याचं, आई."

"नाही, मला आपलं वाटायचं, तेव्हा आग कमी झाली होती. रात्री गाल उशीवर टेकवता यायचा." मग स्वतःच म्हणाली, "पण तुझा नंबर तर वाढला होता ना."

मी हो म्हटलं.

तिने स्वतःच्या गालापेक्षा माझ्या नंबरावर विश्वास ठेवला. हे तुला कळलं नसतं तर माझ्याबरोबरच संपलं असतं. म्हणून लिहितोय. त्या दिवशी तू तिच्या गालाला बोट लावून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, तुला कळलं. मी नजर खाली घातली.

ते शेवटचं पान फाडून सोबत पाठवतोय. अक्षर माझं आहे, तारीख खरी आहे. ते माझ्याजवळ ठेवलं तर एक दिवस मी तेही फाडून टाकेन, असं मला वाटतं.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. चालेल म्हणजे, चालवून घेईन. पुढच्या शनिवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे, तेव्हा आईने काय लावलं होतं ते मला आठवणार आहे. त्यांना म्हणावं लागेल, पहिल्या वेळी मी खोटं बोललो.

तुझ्या मुलाचा वाढदिवस एकोणीस ऑक्टोबरला असतो. आईच्या फोनच्या वहीत लिहिलेला होता. आता माझ्या वहीत लिहून ठेवलाय.

चार वाजत आलेत. ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलंय आणि खिडकीत उजेड चांगला आहे. कार्ड लावून पाहिलं. ३१९. वही सुरू केल्यापासून एवढा वर कधी गेला नव्हता. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "माहीत आहे."

पाकीट बंद करायच्या आधी एवढं लिहितो. आता उठतो आणि तोंड धुतो. पाणी कोमट केलंय. टॉवेल घासणार नाही, टिपेन. मग वाटाण्याएवढं जेल घेईन, दोन्ही गालांना लावीन, सुकेपर्यंत खुर्चीवर बसेन. ट्यूब अर्ध्यावर आली आहे. तिला खालून दुमडून झाकण लावून ठेवायचं आहे.

दादा